सकाळी ७ अंश, दुपारी २८ : लेकरांच्या अंगावर किती कपडे?

प्रश्न : आम्ही निफाड तालुक्यात मळ्यात राहतो. घराच्या भिंती विटांच्या, वर पत्रे. मुलगा ५ महिन्यांचा आहे. सासूबाई त्याला झबल्यावर दोन स्वेटर, कानटोपी, हातमोजे, पायमोजे घालतात आणि वरून गोधडीत गुंडाळतात. तरी त्याचे हातपाय गार लागतात, म्हणून आणखी एक कपडा चढतो. गेल्या आठवड्यात मानेवर आणि पाठीवर लाल पुरळ उठलं. डॉक्टर म्हणाले, घामोळ्या आहेत. थंडीत कुठून आल्या घामोळ्या, म्हणून घरात कोणी ते मनावर घेतलं नाही. रात्री तो तीन-चारदा रडत उठतो. खोली ऊबदार राहावी म्हणून कोळशाची शेगडी ठेवतो. मुलगी सव्वाचार वर्षांची, ज्युनिअर केजीत. सकाळी साडेसातला वडिलांच्या मोटारसायकलवर ६ किलोमीटर जाते, शाळेत कुडकुडत पोहोचते आणि दुपारी स्वेटर कमरेला बांधून घामाघूम परत येते. खोकला हटत नाही. संक्रांतीनंतर बाळाचं जावळ काढायला वणीच्या गडावर जायचंय. नेमके किती कपडे घालायचे? कमी घातले की ‘पोराला उघडं ठेवते’ असं ऐकावं लागतं.

उत्तर : डॉक्टरांचं निदान मनावर घ्या. घामोळ्यांना उन्हाळाच लागतो असं नाही, त्वचेवर साचून राहिलेला घाम पुरतो. तुमच्या बाळाच्या अंगावर झबलं, दोन स्वेटर आणि गोधडी, वर मानेच्या वळ्यांत मालिशचं तेल. घामाच्या ग्रंथींची तोंडं बुजतात आणि बारीक लाल पुरळ येतं. रात्री रडत उठण्याचं कारणही बहुतेक हेच असावं. ५ महिन्यांचं बाळ भुकेनं उठतंच, पण उठल्यावर त्याच्या कपाळावरचे आणि मानेवरचे केस ओले लागत असतील तर ते उकाड्यानं उठलंय.

सगळी गडबड हातापायांना हात लावून थंडी मोजण्यात आहे. लहान बाळाचं रक्ताभिसरण आधी छाती-पोटाकडे वळतं, हातपायांचा नंबर शेवटी लागतो. त्यामुळे अंग व्यवस्थित गरम असतानाही तळहात-तळपाय गारच लागतात. तिथे हात लावून कपडे चढवत राहिलं तर त्याला शेवटच नाही. हात लावायचा तो मानेच्या मागे, झबल्याच्या गळ्यातून दोन बोटं आत पाठीवर सारून. आधी स्वतःचे हात एकमेकांवर चोळून गरम करा, नाहीतर धुणं-भांडी करून आलेल्या गार बोटांना बाळ नेहमी तापलेलंच वाटतं. पाठ कोमट आणि कोरडी लागली तर कपडे बरोबर आहेत. ओलसर किंवा चटका लागावा इतकी गरम असेल तर लगेच एक कपडा काढा. पाठ आणि पोट दोन्ही गार असतील तरच एक कपडा वाढवा, आणि २० मिनिटांनी पुन्हा हात लावून पाहा.

सासूबाईंची भीती निराधार नाही, हेही सांगायला हवं. बाळाच्या वजनाच्या मानानं त्याच्या त्वचेचं क्षेत्र मोठ्या माणसापेक्षा बरंच जास्त असतं, डोकं तर शरीराच्या मानानं फारच मोठं. त्यामुळे उघड्यावर बाळ झपाट्यानं गारठतं. आपल्यासारखं कुडकुडून ऊब तयार करणंही त्याला नीट जमत नाही. जन्माच्या वेळी पाठीवर, खांद्यांच्या मधे आणि मानेभोवती एक खास चरबी असते, तीच जळून ऊब मिळते. नवजात किंवा कमी वजनाच्या बाळाला टोपडं, मोजे आणि आईच्या छातीची ऊब लागतेच, आणि सासूबाईंनी घरात जे पाहिलंय ते त्याच वयाचं असणार. पण पूर्ण दिवसांचं, ५ महिन्यांचं, अंगानं भरलेलं बाळ त्या अवस्थेतून पुढे आलेलं असतं. त्याला जादा ऊब बाहेर टाकायलाही जागा लागते, आणि ती जागा म्हणजे मुख्यतः डोकं आणि चेहरा. कानटोपी घालून गोधडीत गुंडाळलं की तीच वाट बंद होते. झोपेत बाळ जास्त तापणं हे एका वर्षाच्या आतल्या बाळांच्या झोपेतल्या अचानक मृत्यूच्या धोक्याशी जोडलेलं आहे, म्हणून घरात झोपवताना टोपी घालू नका असं बालरोगतज्ज्ञ सांगतात.

अंदाज धरायला मोठ्या माणसापेक्षा एक कपडा जास्त, एवढं पुरतं. पण ज्याला थंडी फार वाजते त्याच्याशी तुलना नको. घरात काम करणाऱ्या, हिंडत्याफिरत्या माणसाशी करा. आजीबाई स्वेटर, शाल आणि कानपट्टी बांधून बसल्या असतील तर ते त्यांच्या वयाचं माप झालं, नातवाचं नव्हे.

आता प्रत्यक्ष कपडे. निफाडची गोष्ट राज्यात इतरत्र सांगितलेल्या सल्ल्यानं सुटत नाही, कारण तुमच्याकडे पहाटे पारा ७-८ वर, काही वर्षी ५ अंशांच्याही खाली, आणि दुपारी दोनला त्याच दिवशी २८. एकदा घातलेला कपडा दिवसभर बरोबर असूच शकत नाही. म्हणून एक जाड स्वेटर घेण्यापेक्षा दोन पातळ, पुढून उघडणारे कपडे घ्या. दोन पातळ कपड्यांच्या मधे हवा अडकते आणि तीच ऊब धरते. शिवाय दहा वाजता एक काढला तरी बाळ उघडं पडत नाही. डोक्यातून घालायचा घट्ट गळ्याचा स्वेटर झोपलेल्या बाळाच्या अंगातून काढताच येत नाही, मग ‘राहू दे, उठल्यावर काढू’ म्हणत तो दोन तास अंगावर राहतो आणि पाठ भिजते.

पहाटेपासून नऊपर्यंत अंगालगत पूर्ण बाह्यांचं सुती झबलं, त्यावर पाय झाकणारा होजिअरीचा अंगभर कपडा, त्यावर बिनबाह्यांची विणलेली बंडी, आणि पायमोजे. बाळ कडेवर घेऊन अंगणात किंवा गोठ्याकडे जायचं असेल तर वरून टोपडं किंवा कुंची. बाहेर कुंचीसारखं दुसरं काही नाही. डोकं, कान, मान आणि पाठ एकाच कपड्यात झाकतात आणि आत येताच एका हातानं काढता येते. दहाच्या सुमारास ऊन वर आलं की बंडी उतरवा. बारा ते चारमध्ये झबलं आणि पातळ पायजमा पुरे. पाच वाजता ऊन उतरायला लागलं की उलट क्रमानं चढवा. तुमच्याकडे सूर्य कलताच हवा झपकन गार होते, त्यामुळे बाळ गारठल्यावर घालण्यापेक्षा दिवेलागणीच्या आधी घातलेलं बरं.

हातमोजे घरात नकोतच. या वयात मूठ सारखी तोंडात जाते, मोजा लाळेनं भिजतो आणि ओला मोजा उघड्या हातापेक्षा जास्त गार. पायमोजे घालताना दर वेळी उलटे करून पाहा. आतल्या बाजूला सुटलेला धागा किंवा आईचा एखादा लांब केस बाळाच्या बोटाला गुंडाळला गेला तर बोट सुजतं, आणि बाळ का रडतंय ते मोजा काढेपर्यंत कळत नाही. मोज्याच्या इलॅस्टिकचा लाल वळ अर्ध्या तासानंतरही दिसत असेल तर ते आत दोन जागी कापून सैल करा.

ओल्या लंगोटाकडे स्वेटरइतकंच लक्ष हवं. वर तीन कपडे आणि खाली ओलं सुती लंगोट, मग ऊब टिकणार कशी? रात्री दर दोन तासांनी हात लावून बघणं जमणार नसेल तर निदान थंडीच्या दिवसांत रात्रीपुरतं डायपर वापरा.

रात्रीची व्यवस्था जरा सविस्तर बघू, कारण खरी अडचण तिथेच आहे. पत्र्याचं घर रात्री स्लॅबच्या घरापेक्षा झपाट्यानं थंड होतं आणि पहाटे पत्र्याला आतून दव धरतं. बाळाची जागा बाहेरच्या भिंतीपासून हातभर तरी आत आणि दवाचे थेंब पडतात त्या ओळीपासून बाजूला घ्या. बाळ बाजेवर झोपत असेल तर थंडी खालून येते, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. विणलेल्या बाजेखालून गार हवा खेळते आणि वरून कितीही पांघरलं तरी पाठ गारच राहते. एक जुनी गोधडी दुहेरी घडी करून, ताणून, कडा बाजेखाली खोचून अंथरा. मऊ गादी किंवा उशी मात्र नको, बाळाचं तोंड त्यात रुतता कामा नये. झोपवायचं पाठीवरच.

पांघरूण म्हणून सुटी गोधडी वर्षाच्या आतल्या बाळाला देऊ नये. ५ महिन्यांचं बाळ कुशीवर वळतं, पाय झाडतं. गोधडी एक तर लाथेनं खाली जाते, नाहीतर तोंडावर येते. घट्ट बांधून ठेवणंही आता बंद करा. वळायला लागलेलं बाळ हात बांधलेले असताना पालथं झालं तर त्याला परत उलटता येत नाही, आणि पाय सरळ ताणून बांधल्यानं खुब्याच्या सांध्याला इजा होते ती वेगळीच. याला उपाय म्हणजे झोपण्याची पिशवी, बिनबाह्यांच्या झग्यासारखी, पण खालून बंद. तयार मिळते. चांगल्या पिशवीवर टॉग हा ऊब सांगणारा आकडा छापलेला असतो, आणि १६ ते २० अंशांच्या खोलीला २.५ टॉगची पिशवी योग्य.

घरीही शिवता येते. आतून जुन्या सुती साडीचं किंवा मलमलचं मऊ कापड, बाहेरून फ्लॅनेल, मधे पातळ जुन्या ब्लँकेटचा एकच थर, आणि सगळं गोधडीसारखं टाक्यांनी धरून ठेवायचं म्हणजे आतला थर गोळा होत नाही. साधारण ६५ सेंटीमीटर लांबीच्या बाळाला खांद्यापासून तळापर्यंत ६० सेंटीमीटर, छातीशी सपाट मापात २७-२८ आणि तळाशी ४० सेंटीमीटर रुंदी ठेवा, म्हणजे आत पाय वाकवून फाकवता येतात. गळा नीट जमला पाहिजे. बंद केल्यावर तुमचं एक बोट जेमतेम आत जावं, बाळाचं डोकं त्यातून आत घसरता कामा नये. खांद्यावर टिचबटणं लावा, नाडी नको. चेन लावली तर तिचं वरचं टोक हनुवटीला टोचणार नाही अशी कापडाची पट्टी वर दुमडा. टोपी जोडू नका.

पिशवीच्या आत काय घालायचं ते खोलीच्या तापमानावर ठरतं, म्हणून भिंतीवरचा साधा तापमापक बाळाच्या उंचीवर टांगा. खोली १८-२० अंश असेल तर सुती झबलं आणि पातळ पायजमा पुरे. १५-१७ असेल तर झबल्यावर अंगभर होजिअरीचा कपडा. त्याखाली गेली, जे पत्र्याच्या घरात पहाटे चारनंतर होणारच, तर बंडी आणि पायमोजे वाढवा. बाळ तुमच्या शेजारी झोपत असेल तर तुमच्या अंगाचीही ऊब त्याला मिळते, तेव्हा बंडी वगळा, आणि तुमची वाकळ त्याच्यावर ओढू नका. झोपताना एकदा आणि पहाटे दूध पाजायला उठाल तेव्हा एकदा मानेमागे दोन बोटं. तेवढं पुरतं.

शेगडी आजच बाहेर काढा. यात मधला मार्ग नाही. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. निखारे लाल, धूर नसलेले असले म्हणजे ते निर्धोक, असा समज आहे. पण बंद खोलीत तेच सर्वांत घातक, कारण धूर नसल्यामुळे कोणी उठून दार उघडत नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग ग्लानी येते आणि झोपलेल्याला जाग येत नाही. खिडकी बोटभर उघडी ठेवली म्हणून धोका टळत नाही. खोली गरम करायचीच असेल तर तेल भरलेला विजेचा हीटर लावा, पण बाळापासून लांब, आणि झोपण्याआधी तासभर चालवून बंद करा. तुमच्याकडे रात्रीच्या विजेचा भरवसा नसेल तर दार-खिडक्यांच्या फटी कापडानं बुजवणं आणि उन्हात तापवलेलं अंथरूण दिवेलागणीला घरात घेणं एवढ्यानंही बराच फरक पडतो. न्हाणीघरात गॅस गिझर असेल तर त्याचाही हाच धोका. पाणी बादलीत काढून घ्या, गिझर बंद करा, मगच बाळाला आत न्या.

आंघोळीनंतर ओवा-वावडिंगाची धुरी देत असाल तर तीही थांबवा. पाच महिन्यांच्या फुप्फुसांना कोणताही धूर औषधी नसतो. कापराची पुरचुंडी गळ्यात किंवा उशाशी नको. कापूर पोटात गेला तर बाळाला झटके येऊ शकतात, आणि या वयात हाताला लागेल ते तोंडात जातं. छातीला चोळायचे कापूर-मेंथॉलचे मलमसुद्धा दोन वर्षांच्या आत नाहीत.

मालिश आणि आंघोळ सकाळी सातला उरकायची सवय असेल तर ती अकराच्या पुढे न्या. खिडकीतून ऊन येतं, पण वारा येत नाही अशी जागा बघा. पाणी कोपरानं तपासा, कोपराला ना गार ना गरम असं लागलं पाहिजे. टॉवेल आधीच उन्हात टाकून ठेवा आणि सर्वांत आधी डोकं पुसा. तेल मानेच्या, काखेच्या आणि जांघेच्या वळ्यांत राहू देऊ नका. टाळू भरून वर लगेच टोपडं चढवलं की खपल्या धरतात. घामोळ्यांवर पावडर टाकू नका, ती श्वासातून आत जाते. वळ्या कोरड्या ठेवल्या आणि कपडे सैल केले की तीन-चार दिवसांत पुरळ बसतं. पुवाचे फोड दिसले तर पुन्हा डॉक्टरांना दाखवा.

आता मुलीचं. तिच्या बाबतीत थंडी ८ अंशांची नाही, वाऱ्याची आहे. हवा ८ अंश असताना ताशी ४० किलोमीटर वेगानं जाणाऱ्या गाडीवर उघड्या त्वचेला ती सुमारे ३ अंशांसारखी जाणवते. विणलेला स्वेटर उभ्या माणसाला ऊब देतो, पण वाऱ्याला तो जाळीसारखाच. मधली गरम हवा वारा पळवून नेतो. म्हणून स्वेटर घालूनही ती कुडकुडत पोहोचते. तिला दुसरा स्वेटर नको, वर वारा अडवणारं काहीतरी हवं. विंडचीटर असेल तर उत्तम. नसेल तर पावसाळ्यातला रेनकोटचा वरचा भाग स्वेटरवर घाला, पुढून गळ्यापर्यंत बंद करा आणि शाळेच्या फाटकात उतरवून बाबांकडेच द्या. पाऊण तास अंगात राहिला तर आत घाम धरतो, पण १५ मिनिटांच्या रस्त्याला त्यासारखं काम दुसरं काही करत नाही.

आतून असं : अंगालगत पूर्ण बाह्यांचा पातळ थर्मल किंवा सुती बनियन, त्यावर गणवेश, त्यावर पुढून चेन असलेला शाळेचा स्वेटर. फ्रॉकचा गणवेश असेल तर खाली जाड लेगिंग. शाळा नाही म्हणत असेल तर निदान गाडीवरच्या वेळेपुरती घाला आणि वर्गात काढायला सांगा. बूट आधीच बोटांना टेकत असतील तर त्यात दोन जोड मोजे कोंबू नका. बूट आवळला की बोटांभोवतीची हवाही जाते आणि रक्तही नीट पोहोचत नाही, पाय आणखी गार पडतात. एकच जाड मोजा, आणि बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी मोकळी जागा. हातमोजे पाच बोटांचे नकोत, चारही बोटं एकत्र राहणारे घ्या. बोटं एकमेकांना ऊब देतात आणि चार वर्षांच्या मुलीला ते स्वतःला घालता येतात.

४ वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट कायद्यानं सक्तीचं आहे, म्हणजे तुमच्या मुलीलाही. नीट बसणारं लहान मापाचं हेल्मेट कान आणि डोकं कानटोपीपेक्षा चांगलं झाकतं. खाली जाड लोकरी टोपी घातली तर हेल्मेट सैल बसतं आणि पडल्यावर डोक्यावरून निघतं. तेव्हा खाली काही घालायचंच तर पातळ सुती टोपी. टाकीवर पुढे बसवू नका, सगळा वारा तिच्या छातीवर येतो. बाबांच्या मागे, मुलीच्या अंगात जाकिटासारखा घालून बाबांच्या खांद्यांना अडकवायच्या पट्ट्यानं दोघांना जोडून. ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलांसाठीच्या नियमात असा पट्टा, हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा आहे. तुमची मुलगी त्या वयाच्या जेमतेम पुढे गेलीय, तेव्हा हे सगळं तिलाही लावा. सकाळी साडेसातला पेंगणारं पोर मागच्या मागे घसरू शकतं. मफलर किंवा ओढणी गळ्याला गुंडाळून पाठवू नका, सुटलेलं टोक चाकात जातं. गळ्यासाठी डोक्यातून घालायची विणलेली नळी मिळते, ती बरी. आणि पाच महिन्यांच्या बाळाला या मोसमात मोटारसायकलवर नेऊच नका, कितीही गुंडाळलं तरी.

दुपारी ती घामाघूम येते ते मधल्या सुट्टीतलं खेळणं. साडेदहाला ऊन तापलेलं असतं, स्वेटर अंगात असतो आणि आतला बनियन भिजतो. सुती कापड भिजलं की वाळेपर्यंत अंगातली ऊब खेचत राहतं. म्हणून खेळून येऊन सावलीत बसलं की अंगावर काटा येतो. तिला चेन उघडायची आणि स्वेटर घडी करून दप्तराच्या ठरलेल्या कप्प्यात ठेवायची घरी आठ-दहा दिवस सवय लावा. ‘गरम झालं तर काढ’ हे चार वर्षांच्या मुलीला कळत नाही, ‘डबा खाल्ला की काढ’ हे कळतं. वर्गाच्या बाईंनाही हेच एका वाक्यात सांगून ठेवा. घरी आल्यावर सर्वांत आधी बनियन बदला, मग जेवण.

खोकल्याचं खापर मात्र स्वेटरवर फोडू नका. सर्दी-खोकला विषाणूंनी होतो आणि केजीच्या बंद खिडक्यांच्या वर्गात तो एकमेकांकडून येतोच. तुमच्या भागात द्राक्षबागा थंडीपासून वाचवायला पहाटे शेकोट्या पेटतात, तो धूर सकाळच्या जड हवेत खालीच रेंगाळतो, त्यानंही खोकला लांबतो. घरात कोळसा जळत होता हेही त्यात धरा. दोन आठवड्यांवर खोकला टिकला, श्वासात शिट्टीसारखा आवाज आला किंवा बरगड्या आत ओढल्या जाताना दिसल्या तर डॉक्टरांकडे न्या. दोन्ही मुलांचा श्वास मोजायला शिका : शांत असताना पूर्ण एक मिनिट, पोटाकडे बघत. २ ते ११ महिन्यांच्या बाळाचे मिनिटाला ५० किंवा जास्त, आणि १ ते ५ वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त श्वास होत असतील तर त्याच दिवशी दाखवायचं.

ताप आला की पांघरूण वाढवायचं हा उलटा रिवाज आहे. अंग तापलेलं वाटलं तर एक-दोन कपडे काढा, अर्ध्या तासानं काखेत तापमापक लावा. ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस ठीक. कपडे कमी करूनही ३८ च्या वर असेल तर तो कपड्यांचा ताप नव्हे. ३६.५ च्या खाली गेलं, पोट गार लागतंय, बाळ सुस्त आहे, नीट पीत नाही असं असेल तर कपडे काढून त्याला नुसत्या लंगोटावर तुमच्या उघड्या छातीशी धरा, वरून दोघांवर गोधडी घ्या, आणि तसंच दवाखान्यात निघा. या एका वेळी डोकंही झाका.

पेटीतून काढलेल्या जुन्या लोकरी कपड्यांबद्दलही लिहायला हवं. त्यांत डांबरगोळ्या ठेवल्या असतील तर ते कपडे थेट बाळाच्या अंगावर घालू नका. डांबरगोळीतल्या नॅप्थॅलिनमुळे काही बाळांच्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ होते. ज्यांच्यात जी६पीडी हे एन्झाइम जन्मतः कमी असतं त्यांना हा धोका मोठा, आणि ते कमी आहे हे आधी कळतंच असं नाही. असे कपडे आधी धुवा, मग दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा, वास पुरता जाईपर्यंत. नव्या ‘लोकरी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक बाळकपड्यांत ॲक्रिलिक असतं. त्यात वाईट काही नाही, फक्त ते अंगालगत नको, कारण घाम शोषत नाही. कपडा घेताना आत उलटून शिवणी बघा, गळ्याच्या नाड्या असतील तर ओढून काढा, सुटं बटण असेल तर घट्ट शिवा.

आता वणी. जावळ काढलं की बाळाच्या डोक्यावरचं होतं नव्हतं पांघरूण गेलं, आणि गडावर वारा असतो, तेव्हा पुढचे काही दिवस बाहेर टोपडं घालाच. घरात आल्यावर काढायचं हे तेव्हाही लागू. बंद गाडीनं किंवा एसटीनं जा, आणि गडावर ऊन चढल्यावर, अकराच्या पुढे पोहोचाल असं निघा. गाडीत बसल्या बसल्या कुंची आणि बंडी काढा, बंद गाडीत मोठ्यांच्या गर्दीत बाळ पटकन तापतं. ओढणी किंवा शाल त्याच्या तोंडावर घेऊ नका, नाक सतत दिसत राहिलं पाहिजे. पायऱ्यांऐवजी फ्युनिक्युलर ट्रॉली घेतलीत तर रांगेत उभं राहताना बाळ उन्हात आहे की सावलीत, त्याप्रमाणे एक कपडा काढा-घाला.

पिशवीत दोन झबली, तीन-चार लंगोटं, एक कोरडं टोपडं, थर्मासमध्ये कोमट पाणी ठेवा. डोकं भिजवायला तिथलं गार पाणी वापरू देऊ नका. वस्तरा फिरत असताना बाळाच्या खांद्यावर पंचा टाका, तरी कापलेले बारीक केस झबल्याच्या गळ्यात शिरतातच आणि दिवसभर टोचतात. वाऱ्याच्या आड बसून झबलं लगेच बदला आणि घामोळ्यांची मान ओल्या फडक्यानं टिपून कोरडी करा. नाभिकाला नवं पातं तुमच्यासमोर लावायला सांगा, आणि तीनच्या आत गड उतरायला लागा.